डच ओव्हनमधला पाव खालून करपत होता, त्याची गोष्ट
गेल्या डिसेंबरात भंडारदऱ्याला तंबूत मुक्काम असताना १२ इंची बिडाच्या डच ओव्हनमध्ये (म्हणजे विस्तवावर ठेवायच्या जाड, झाकणाच्या भांड्यात) पाव भाजायला ठेवला आणि अर्ध्या तासाने झाकण उघडले, तेव्हा तळ काळाकुट्ट आणि वरचा भाग मात्र पांढराफटक, बोटाला चिकटणारा, असा निघाला. चूक माझीच होती; सगळा विस्तव मी खालीच घातला होता. झाकणाला उभी कड असते ती निखारे ठेवण्यासाठीच, हे उमजायला तेवढा मैदा वाया जावा लागला; वास्तविक आजी भानोले भाजायची तेही वर-खाली निखारे ठेवूनच.

दुसऱ्या दिवशी कोळशाच्या २४ ब्रिकेट (भुकटी दाबून केलेल्या वड्या) राखाडी होईपर्यंत पेटवल्या, त्यांतल्या ८ भांड्याखाली कडेकडेने गोलाकार मांडल्या, मध्यभागी एकही ठेवली नाही, आणि उरलेल्या १६ झाकणावर पसरल्या. एवढ्यावर आतले तापमान साधारण १७५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. वाऱ्याकडचे निखारे भराभर जळतात, म्हणून दर १५ मिनिटांनी भांडे थोडे एका दिशेला आणि झाकण उलट दिशेला फिरवत राहिलो. झाकण उचलताना तिरपे झाले तर राख थेट पावावर पडते (तीही चव मी घेतली आहे). ४० मिनिटांनी पाव उलटा करून तळाला टिचकी मारली, तर तो पोकळ वाजला, म्हणजे आतपर्यंत भाजला होता.