फळबागेतली बुरशी: आधी नत्र आवरा, मग कॅल्शियमकडे बघा

भुरी (पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी) बहुतेकदा शेंड्याच्या लुसलुशीत पालवीवर आधी येते. जादा नत्राने फूट भराभर वाढते, पेशीभित्तिका पातळ राहतात आणि पानात अमिनो आम्ले साचतात. बुरशीला शिरायलाही सोपे, खायलाही आयते. शिवाय दाट पालवीत हवा खेळत नाही, पाने ओली राहतात. रोगट झाडाला ताकद म्हणून युरिया, म्हणजे नत्राचेच खत, टाकणे म्हणूनच घातक.

खत ठरवण्याआधी माती आणि पान परीक्षण कराच. पाने सारख्या वयाची, फांदीच्या मधल्या भागातली घ्या. ताजी फवारणी झालेली नकोत, तांबे-जस्ताचे आकडे फसवे येतात. नत्र ३-४ हप्त्यांत द्या. फूट जोमात असेल तर पुढचा हप्ता सरळ गाळा.

फळकुजीत मात्र खरी मदार कॅल्शियमवर. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे पेक्टिन कॅल्शियममुळे घट्ट राहते, आणि कुजीच्या अनेक बुरशा नेमके तेच विरघळवतात. पण कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबर पानांकडे जाते आणि तिथून फळात परत उतरत नाही. म्हणून जमिनीत चुना भरपूर असूनही फळ उपाशी राहू शकते. फळधारणेनंतर २-३ आठवड्यांच्या अंतराने कॅल्शियम क्लोराईड ५ ग्रॅम प्रतिलिटर फवारा. फळे थेट भिजली पाहिजेत, नुसती पाने भिजून उपयोग नाही. कडक उन्हात पानांच्या कडा जळतात. संध्याकाळची वेळ धरा, आणि आधी दोन-तीन झाडांवर फवारून आठवडाभर पाहा. टाकीत सल्फेट किंवा फॉस्फेटची खते मिसळू नका, साका बसून नोझल तुंबते.

पालाश (पोटॅश) कमी पडला तर रोग वाढतो, पण अति झाला की मुळाशी कॅल्शियमची वाट अडवतो. बोरॉन, मँगनीज, जस्त अहवालात कमी दिसले तरच द्या. बोरॉनचा जरासा अतिरेकही झाडाला विषारी ठरतो.

लागलेला रोग खताने बरा होत नाही. रोगट फांद्या छाटून बागेबाहेर न्या, गरजेचे बुरशीनाशक चालू ठेवा.

सफरचंदावर स्कॅब (पाने-फळांवर काळपट खरबरीत डाग पाडणारा बुरशीचा रोग) असेल तर पानगळ सुरू होताना युरिया ५० ग्रॅम प्रतिलिटर झाडावर आणि खाली पडलेल्या पानांवर फवारा. पाने लवकर कुजतात आणि त्यांत दडून पुढच्या हंगामात उठणारी बुरशी घटते. हीच फवारणी हिरव्या पानांवर लवकर केली, तर पाने जळतात.