‘दो आँखें बारह हाथ’ समजून कसा पाहावा

व्ही. शांतारामांचा १९५७ सालचा हा चित्रपट सुट्टीच्या दुपारी मध्येच लावून पाहण्याचा नव्हे; सुमारे अडीच तास सलग मोकळे ठेवूनच बसावे.

बसण्यापूर्वी त्यामागील मूळ हकिकत जाणून घ्यावी. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले गांधीवादी अभियंते मॉरिस फ्रिडमन यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी केली. तिथे कैद्यांना कोंडून न ठेवता शेतीला लावले जाई. औंधशी जवळचा संबंध असलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली. एवढे ठाऊक असले, म्हणजे सहा खुन्यांना घेऊन माळरान कसायला निघालेला जेलर आदिनाथ निव्वळ स्वप्नाळू वाटत नाही.

पाहताना शीर्षकाकडे लक्ष ठेवावे. बारा हात कैद्यांचे आणि दोन डोळे आदिनाथाचे. तो समोर नसतानाही ते डोळे कैद्यांचा पाठलाग करतात, आणि पहाऱ्याचे काम भिंतींऐवजी त्यांच्याकडेच येते. हे डोळे पडद्यावर प्रत्यक्ष दाखवले जातात, ते आज थोडे भडक वाटेल. त्या काळची पद्धत म्हणून ते सोसावे. बाजाराचा प्रसंग मात्र पुन्हा पाहावा. स्वस्त भाजी विकून इतरांचा धंदा बुडवणाऱ्या या कैद्यांना व्यापाऱ्याचे गुंड बेदम मारतात, पण हात न उगारण्याचा शब्द दिलेला असल्याने ते मुकाट्याने मार खातात. माझ्या मते सगळ्या चित्रपटाचा कस याच प्रसंगात लागतो. शेवटच्या बैलांच्या झुंजीचे चित्रीकरण करताना शांतारामांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली होती, हे आठवले तर तो प्रसंग स्वस्थपणे पाहवत नाही.

वसंत देसाईंचे संगीत आणि भरत व्यासांचे शब्द लाभलेले ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ शाळेच्या प्रार्थनेत म्हटलेले अनेकांना आठवेल, पण ती सवय बाजूला ठेवून, लता मंगेशकरांच्या आवाजात ते चित्रपटात ऐकावे. शब्द तेच असले, तरी खुन्यांच्या तोंडी ‘नेकी पर चलें’ हा निर्धार किती जड आहे, ते तिथेच कळते.

१९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात याला रौप्य अस्वल मिळाले. पण प्रभावाची खूण पाहायची असेल, तर सांगली जिल्ह्यातील आटपाडीकडे पाहावे: स्वतंत्रपूरची खुली वसाहत आजही कारागृह विभागाच्या यादीत आहे.