प्रिंट काढून आणलेला पेनड्राइव्ह
बडोद्यात रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात झेरॉक्सवाल्याकडे पेनड्राइव्ह दिला असेल, तर घरी आल्यावर लगेच फोल्डर उघडू नका. आधी राइट-क्लिक करून विंडोजच्या डिफेंडरने स्कॅन करा. मग चिन्ह नीट बघा. फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण दिसतोय? मग तो फोल्डर नाही, शॉर्टकट आहे. डबल-क्लिक केलंत की व्हायरस चालू होऊ शकतो. घाबरून फॉरमॅट मात्र मारू नका! खरा फोल्डर बहुतेक वेळा तिथेच लपवलेला असतो. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' चालू करा. तरीही दिसला नाही, तर फोल्डर 'ऑप्शन्स'मध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स'वरची खूण काढून बघा.

प्रिंटसाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, त्यात लागेल तेवढीच फाइल. आधार-पॅनच्या प्रती त्यात कायमच्या पडून नकोत.

आणि अपडेटचा कंटाळा करू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) विंडोजमधल्या ज्या फटीतून जगभर शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. फोटो-कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की केबल काढून ठेवा. जोडलेली राहिली, तर रॅन्समवेअर तीही निकामी करतं.