थंड हंगामाची परसबाग: आवडीचा वाण निवडण्याआधी

परसबागेत टोमॅटो लावायचा, फ्लॉवर लावायचा की वाटाणा, हे ठरवायला वेळ लागत नाही. पण त्यातला वाण कोणता, हे बहुतेक जण बियाण्याच्या पाकिटावरचा फोटो पाहून ठरवतात आणि तिथेच हंगाम हातचा जातो. रोपं टाकायला अजून वेळ आहे, तोवर वाणाचा विचार करून ठेवा. चव महत्त्वाची आहेच. पण आधी तो वाण तुमच्या लागवडीच्या वेळेला आणि तुमच्याकडच्या जागेला बसतो का, ते बघा.

फ्लॉवरला ही गोष्ट सगळ्यात जास्त लागू पडते. त्याचे हळवे (लवकर येणारे), निमगरवे (मधले) आणि गरवे (उशिरा येणारे) असे गट आहेत आणि प्रत्येक गटाची तापमानाची गरज वेगळी. हळवे वाण साधारण 20 ते 27 अंश सेल्सिअसला गड्डा धरतात, तर गरव्या वाणांना 10 ते 16 अंशांची थंडी लागते. पुसा दीपाली हळव्या गटातला, पुसा स्नोबॉल के-1 गरव्या गटातला. गरवा वाण उबदार दिवसांत लावला तर नुसता पाला वाढत राहतो, गड्ड्याचं नाव नाही. हळवा वाण उशिरा, थंडी पडल्यावर लावला तर उलटं होतं: रोपाला जेमतेम काही पानं आलेली असतात आणि मधोमध बटणाएवढा गड्डा दिसायला लागतो. तो पोसायला पानंच पुरेशी नसतात, त्यामुळे मागाहून कितीही खत घाला, तो तेवढाच राहतो. दोष मातीला दिला जातो, पण चुकलेली असते ती वाण आणि वेळेची जोडी. पाकिटावर गट किंवा लागवडीचा काळ लिहिलेला नसेल आणि विकणाऱ्यालाही तो सांगता येत नसेल, तर ते बियाणं घेऊ नका.

गाजरातही असाच फरक आहे. पुसा केसरसारखी आशियाई गटातली लाल गाजरं थोडी ऊब सहन करतात, म्हणून आधी पेरता येतात. नॅन्टीस गटातली बोथट टोकाची नारिंगी गाजरं चांगली थंडी सुरू झाल्यावर पेरा. मुळ्यात पुसा चेतकी उष्ण दिवसांसाठी आहे, थंडीसाठी पुसा हिमानी.

कांद्याचं गणित दिवसाच्या लांबीवर चालतं. कमी दिवसाचे वाण साधारण 11 ते 12 तासांच्या उजेडात कांदा धरू लागतात, लांब दिवसाच्या वाणांना 14 तास किंवा जास्त लागतात. विषुववृत्ताच्या जवळच्या भागात लांब दिवसाचा वाण लावला तर पात जोमाने वाढते, खाली कांदा मात्र पोसत नाही. दूरवरून मागवलेल्या बियाण्याबाबत हे आवर्जून तपासा.

टोमॅटोत आधी झाडाची वाढ कशी आहे ते विचारा. मर्यादित वाढीच्या झाडाचा शेंडा फुलांच्या घोसात संपतो, झाड बुटकं राहतं आणि फळं थोड्या दिवसांत जवळजवळ एकदम पिकतात. रोमा हा अशा वाढीचा वाण. कुंडीसाठी आणि साठवणीचा रस किंवा चटणी करणाऱ्यांसाठी हाच प्रकार बरा. अमर्यादित वाढीचं झाड शेंडा वाढवत राहतं, त्याला पाच-सहा फुटांचा भक्कम आधार द्यावा लागतो, पण रोजच्या भाजीपुरती फळं ते बरेच आठवडे देतं. पूर्वी बागेत पानं आकसण्याचा, म्हणजे पर्णगुच्छाचा त्रास झाला असेल तर रोगप्रतिकारक वाण घ्या. अर्का रक्षक हा संकरित, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून तयार केलेला वाण पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकार करतो. परसबागेत फवारणी टाळायची असते, म्हणून मी तरी थोड्या जास्त गोडीपेक्षा हा गुण वरचा मानतो.

वाटाण्यात जागा कमी असेल तर अर्केल. बुटका, लवकर येणारा आणि दाणा गोड. मात्र त्यावर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड दिसणारा बुरशीचा रोग येतो, तेव्हा पेरणी लांबवू नका आणि दाट पेरू नका.

आवडलेल्या वाणाचं बी घरी धरायचं असेल तर संकरित वाण सोडून सरळ वाण, म्हणजे ज्याच्या बियांतून तशीच झाडं निघतात तो, निवडा. संकरित झाडाच्या बियांतून पुढच्या वर्षी सगळी झाडं सारखी निघत नाहीत. टोमॅटो आणि वाटाणा यांच्यात बहुतेक स्वपरागीभवन होतं, म्हणजे फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे सरळ वाणाचं बी घरी सहज राखता येतं. काकडी, फ्लॉवर, मुळा यांचे वाण मधमाश्यांमुळे आपसांत मिसळतात. त्यांचं बी विकतच घेतलेलं बरं.

मागच्या वर्षीचं बी उरलं असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवा आणि फडकं सुकू देऊ नका. आठवड्याभरात सात-आठ दाण्यांना मोड आले तर बी चांगलं आहे, चार-पाचांनाच आले तर दाट पेरा. कांद्याचं बी लवकर मरतं, ते दर वर्षी ताजं घ्या. टोमॅटोचं नीट कोरडं ठेवलेलं बी तीन-चार वर्षं चालतं.

भरवशाच्या वाणाला वाफ्याचा तीन चतुर्थांश भाग द्या आणि उरलेल्या भागात एकच नवा वाण लावून पाहा. दोन्हींच्या पाट्यांवर नाव आणि लागवडीची तारीख पेन्सिलीने लिहा, पेनची शाई उन्हात उडून जाते.