टूलरूममधली उमेदवारी: कट घेण्याआधी आकडा लिहावा

टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या डाय आणि हत्यारे बनवणाऱ्या विभागात, नव्याने आलेल्या उमेदवाराला पहिल्याच आठवड्यात लेथ किंवा मिलिंग मशीन मिळेल ही अपेक्षा बहुधा फोल ठरते. त्याच्या हातात पोलादाचा एक ओबडधोबड तुकडा, एक कानस आणि एक गुण्या दिला जातो आणि तुकड्याच्या सहाही बाजू सपाट व काटकोनात करून आणायला सांगितले जाते. अनेकांना हा वेळकाढूपणा वाटतो. मात्र पुढे यंत्रावर जे काही करायचे असते त्याची तालीम याच तुकड्यावर होते, कारण हवा असलेला आकार कोणता, आता हातात कोणता आहे आणि पुढच्या फेरीत किती धातू निघेल, हे तीन प्रश्न इथे पहिल्यांदा एकत्र भेटतात.

व्हाइसच्या जबड्याची वरची कड उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला यावी. ती खाली असेल तर पाठ भरून येते आणि वर असेल तर खांद्यातून जोर लागत नाही. कानस पुढे जाताना कापते, म्हणून मागे आणताना तिच्यावर भार ठेवू नये. हाताचा दाब सुरुवातीला पुढच्या टोकावर राहून शेवटी मुठीकडे सरकला नाही तर कानस झोके घेते आणि जॉबला, म्हणजे घडवायच्या तुकड्याला, मध्ये पोट येते. दात्यांत अडकलेले कण पृष्ठभागावर खोल ओरखडे काढतात. कानशीला आधी खडू घासून ठेवल्यास आणि तारेच्या ब्रशने ती वारंवार साफ केल्यास हा त्रास बराच कमी होतो. पहिली बाजू पूर्ण सपाट झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नये, कारण पुढच्या सर्व बाजू तिच्यावरूनच मोजल्या जाणार असतात.

सपाटपणा तपासण्यासाठी सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट केलेल्या पाटावर, मार्किंग ब्लू या निळ्या रंगाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि जॉब त्यावर हलकेच सरकवावा. जिथे निळे लागले तो भाग उंच. थर जाड असेल तर सगळीकडेच निळे लागते आणि उमेदवार स्वतःचीच फसवणूक करून घेतो. मुळात ती सरफेस प्लेट सपाट आहे हे कशावरून ठरले, असा प्रश्न एखाद्याला पडला तर तो उमेदवार कामाचा आहे असे समजावे. दोन प्लेट एकमेकींवर घासून जुळवल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट असूनही त्या तंतोतंत जुळू शकतात. तिसरी प्लेट घेऊन तिन्ही आळीपाळीने एकमेकींशी जुळवल्या तर तिन्ही सपाट असल्याखेरीज प्रत्येक जोडी जुळूच शकत नाही. इंग्लिश यंत्रकार हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी सपाट पृष्ठभाग तयार करण्याविषयीचा आपला निबंध १८४० मध्ये मांडला, आणि हाताने स्क्रेप करून प्लेट बनवताना आजही याच तर्काचा आधार घेतला जातो.

कानशीनंतर मोजमाप. मायक्रोमीटरच्या स्क्रूचा पिच ०.५ मिमी असतो आणि थिंबलवर ५० भाग असतात, म्हणून एक भाग ०.०१ मिमीचा. हे सर्वांना पाठ असते, तरीही अर्ध्या मिलिमीटरची रेघ डोळ्याआड झाल्यामुळे १२.८७ चे १२.३७ वाचले जाणे ही उमेदवारांची सर्वांत नेहमीची चूक आहे. तिच्यावर सोपा उपाय असा की आधी व्हर्नियरने अंदाज घ्यावा आणि मगच मायक्रोमीटर लावावा. झिरो रोज सकाळी तपासावा, रॅचेट वापरावा, आणि मोजण्यापूर्वी जॉबवरचा बर (कडेला राहिलेली धातूची कूस) व तेल काढून टाकावे.

उष्णतेबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे. लांबीच्या मोजमापासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान १९३१ पासून आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य आहे. पोलाद एका मीटरमागे प्रत्येक अंशाला सुमारे ११.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढते. हा आकडा मीही पाठ केला होता, पण त्याचा अर्थ मला उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी कळला. ८० मिमी व्यासाचा एक शाफ्ट एच-सहा फिटिंगमध्ये, म्हणजे ८०.००० ते ७९.९८१ या मर्यादेत टर्न करायचा होता. सुट्टीची वेळ जवळ आली होती. शेवटचा कट संपल्याबरोबर मी मायक्रोमीटर लावला, ८०.०० असे पाहिले आणि समाधानाने जॉब उतरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच शाफ्ट ७९.९७७ भरला. कापताना तापलेला जॉब खोलीपेक्षा २५ अंशांनी सहज गरम असू शकतो, आणि ८० मिमीवर त्याचे २३ मायक्रॉन होतात. म्हणजे मला मिळालेली सगळी सूट उष्णतेनेच खाल्ली होती आणि वर ४ मायक्रॉन जास्त. तेव्हापासून फिनिश कटाआधी जॉब गार होऊ देणे हा मी कामाचाच भाग मानतो, आणि उमेदवारानेही तसेच मानावे.

यंत्रापुढे उभे राहताना काही गोष्टींना अपवाद नाही. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे, सैल बाह्या, अंगठी किंवा मोकळे केस चालत नाहीत. चकची चावी चकमध्ये आणि हात मात्र चावीवरून सुटलेला, अशी स्थिती क्षणभरही येऊ देऊ नये. चिप्स हाताने ओढू नयेत, त्यासाठी हूक किंवा ब्रश वापरावा. डोळ्यांवर चष्मा हवाच. ग्राइंडिंग व्हील बसवण्यापूर्वी लाकडी मुठीने हलके ठोकून त्याचा आवाज ऐकावा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर ते व्हील बाजूला ठेवावे.

आता ज्या सवयीमुळे उमेदवारी वाया जात नाही असे मला वाटते तिच्याकडे येऊ. खिशात एक छोटी वही ठेवावी आणि प्रत्येक महत्त्वाच्या कटाआधी, कटानंतर किती माप येईल असे वाटते तो आकडा तिच्यात लिहावा. मग कट घ्यावा, मोजावे, आणि आलेला आकडा शेजारी लिहावा. नुसते मोजणारा उमेदवार साइज मिळाली की नाही एवढेच शिकतो, आणि आधी आकडा लिहिणारा उमेदवार यंत्र किती दबते, टूल किती झिजले आहे आणि आपला अंदाज कुठे चुकतो हे शिकतो.

लेथवरचे एक उदाहरण घेऊ. शाफ्ट ३०.०० मिमी करायचा आहे आणि रफिंगनंतर तो ३१.२० वर आहे. टूल पृष्ठभागाला टेकवून डायल शून्य केला आणि व्यासावर ०.४० चा कट दिला, वहीत ३०.८० लिहिले. मोजल्यावर ३०.८४ आले. जॉब आणि टूल मिळून ०.०४ दबले, हे त्यावरून कळले. इथे घाबरून लगेच ०.०४ चा चोरटा कट घेण्याचा मोह होतो, आणि तिथेच गडबड होते, कारण इतक्या पातळ कटात टूल कापण्याऐवजी घासते आणि आकडा बेभरवशाचा होतो. त्याऐवजी पुन्हा ०.४० चाच कट द्यावा आणि वहीत ३०.४४ लिहावे. दाब सारखाच असल्याने आकडा बहुधा तोच येतो. मग उरलेला ०.४४ चा कट एकदम द्यावा. तो जवळपास आधीच्याच जाडीचा असल्यामुळे यंत्र पूर्वीसारखेच वागते आणि ३०.०० मिळते. आपल्या लेथचा डायल त्रिज्या दाखवतो की व्यास, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे; ते न विचारल्यामुळे दुप्पट कट बसलेले जॉब प्रत्येक टूलरूमच्या भंगारात सापडतात.

वेगाचाही अंदाज आधीच करावा. कटिंग स्पीडला ३१८ ने गुणून मिलिमीटरमधल्या व्यासाने भागले की मिनिटाला किती फेरे ते मिळतात. हायस्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टील कापताना मिनिटाला २५ ते ३० मीटर हा वेग सुरुवातीला ठीक असतो. म्हणजे ३० मिमी व्यासाला सुमारे ३०० फेरे. अशा टूलवर चिप्स निळ्या पडू लागल्या तर वेग जास्त आहे असे समजावे, पण कार्बाइडवर निळसर चिप्स ही सहसा तक्रारीची बाब नसते. चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब केंद्रात आणताना जॉबला लावलेल्या डायल गेजच्या दोन टोकांच्या आकड्यांत ०.४० चा फरक दिसला तर जॉब ०.२० नेच सरकवायचा असतो. हा भागाकार डोक्यात बसला की निम्मा वेळ वाचतो. मिलिंग मशीनवर स्क्रूमधील ढिलाईमुळे हँडल फिरते पण टेबल हलत नाही, म्हणून प्रत्येक माप एकाच दिशेने येऊन घ्यावे आणि पुढे गेल्यास पुरेसे मागे जाऊन पुन्हा यावे.

टूलमेकिंग इथून वेगळे होते. मशीनिंगमध्ये पन्नास जॉबपैकी एक बिघडला तर तो एक जातो. डाय, म्हणजे पत्रा कापणारा साचा, मात्र एकच असते आणि तिच्यावर महिनाभराची मेहनत बसलेली असते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी ड्रॉइंगवर कोणती बाजू आधाराची, कोणते छिद्र कशावरून मोजायचे आणि कोणती क्रिया कशानंतर, हे क्रमवार लिहून उस्तादांना दाखवावे. उस्ताद त्या कागदावर जे खोडतात तेच खरे शिक्षण असते.

प्रेस टूलचा मूळ नियम असा की बाहेर कापून निघणाऱ्या तुकड्याची साइज डाय ठरवते आणि पत्र्यात पडणाऱ्या छिद्राची साइज पंच, म्हणजे डायमध्ये शिरणारा ठोसा, ठरवतो. क्लिअरन्स, म्हणजे दोन्हींमधली फट, दुसऱ्या भागाला द्यायचा असतो. १ मिमी जाडीच्या माइल्ड स्टीलच्या पत्र्याला प्रत्येक बाजूस जाडीच्या ५ टक्के क्लिअरन्स धरला तर तो ०.०५ मिमी होतो. तेव्हा ४० मिमीच्या गोल तुकड्यासाठी डाय ४०.०० आणि पंच ३९.९०, १० मिमीच्या छिद्रासाठी पंच १०.०० आणि डाय १०.१०. डाय झिजली की मोठी होते आणि पंच झिजला की बारीक होतो, म्हणून सूट मिळालेली असेल तर ब्लँकिंगची (तुकडा कापण्याची) डाय खालच्या मर्यादेकडे आणि पिअर्सिंगचा (छिद्र पाडण्याचा) पंच वरच्या मर्यादेकडे ठेवावा.

हार्डनिंगला, म्हणजे पोलाद तापवून झटकन थंड करून कडक करायला, पाठवण्यापूर्वी सर्व छिद्रे आणि आटे करून घ्यावेत, ग्राइंडिंगसाठी ०.२ ते ०.३ मिमी धातू राखून ठेवावा आणि आतले धारदार कोपरे गोल करावेत, कारण तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. थंड होत आलेला तुकडा हाताला कोमट लागतो तेव्हाच तो टेम्परिंगच्या, म्हणजे ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा तापवण्याच्या, भट्टीत जायला हवा. रात्रभर तसाच ठेवलेला तुकडा सकाळी दुभंगलेला मिळू शकतो. जॉब बिघडला तर तासाभरात सांगावे. झाकून ठेवलेली चूक असेंब्लीच्या दिवशी सर्वांसमोर बाहेर येते.

डाय जोडून झाली की पत्रा लावण्याआधी साधा कागद लावून पाहावा. पंच हळूहळू खाली आणावा आणि कापलेला कागद उजेडाकडे धरावा. जिथे कड स्वच्छ तुटली आहे तिथे फट कमी आहे. जिथे कागदाचे तंतू लोंबत राहिले आहेत तिथे ती जास्त आहे, म्हणजे पंच मध्यापासून सरकलेला आहे. कोणत्या बाजूला किती, याचा अंदाज आधी वहीत लिहावा, मग फीलर गेज लावून पाहावे, आणि तो कागद तारीख घालून त्याच पानावर चिकटवावा.