घोड्याजवळ गावरान कोंबड्या पाळताय? मग खाद्य आधी बघा
आपल्या माण-खटावकडं घोडं असलेल्या घरी कोंबड्या मोकळ्या असतातच, आणि ते चांगलंच, लीद उकरून माशांच्या अळ्या खातात. पण पोल्ट्रीचं पोतं घोड्याच्या तोंडाला लागू देऊ नका राव, त्यात रक्ती हगवणीसाठी मोनेन्सिन नायतर सॅलिनोमायसिन हे औषध असू शकतं, कोंबडीला चालतं पण घोड्याच्या हृदयावर जातं, घोड्याच्या वजनाच्या किलोमागं २-३ मिलिग्रॅम मोनेन्सिनसुद्धा जीव घेऊ शकतं आणि त्यावर उतारा नाही. घोड्यानं खाल्लंच तर वाट न बघता डॉक्टरला फोन. पोतं झाकणाच्या पिंपात, कडी लावून ठेवा, कोंबड्यांना खाद्य खुराड्यातच घाला. आणि रात्री गव्हाणीवर बसू देऊ नका, विष्ठा वैरणीत पडती.