शोकावरचा छोटा गेम घडवताना

वियोगाच्या दुःखावर किंवा नैराश्यावर गेम बनवायला बसलेला माणूस बहुधा पहिल्याच आठवड्यात पाऊस, धुके आणि पियानो गोळा करतो. मीही तेच केले होते. वडील गेल्यानंतरच्या वर्षी मी एका रिकाम्या घराचा अर्ध्या तासाचा गेम करायला घेतला, आणि तीन महिन्यांनी माझ्याजवळ काचांवरून ओघळणारे पाणी आणि मंद संगीत यांखेरीज दाखवण्यासारखे काही नव्हते. वातावरण झाले होते, पण खेळणाऱ्याच्या हातांना काम नव्हते. अशा गेममधले दुःख खेळणाऱ्याला काय करावे लागते आणि काय करता येत नाही यातून पोहोचते. त्यामुळे चित्र आणि संगीत यांकडे वळण्याआधी पुढील गोष्टींचा निकाल लावून घ्यावा.

सर्वप्रथम आपला गेम शोकाचा आहे की नैराश्याचा, हे एका वाक्यात लिहून काढावे. दोन्ही एकत्र येऊ शकतात, पण त्यांची जातकुळी वेगळी आहे. शोकाला एक नाव असते, चेहरा असतो. तो लाटांसारखा येतो, मध्येच ओसरतो, त्या उसंतीत माणूस हसतोही, आणि एखाद्या वासाने किंवा हस्ताक्षराने पुन्हा उसळतो. नैराश्याला असे निमित्त लागतेच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्णनानुसार त्यात किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ, मन उदास राहते किंवा एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस निघून जातो. म्हणून शोकाच्या गेमच्या केंद्रस्थानी नसलेले माणूस असावे आणि घरातल्या प्रत्येक वस्तूने त्याच्याकडे बोट दाखवावे. नैराश्याच्या गेममध्ये मात्र वस्तू जिथल्या तिथे असाव्यात आणि त्यांच्यापर्यंत जाण्याचे बळ तेवढे नसावे. हा फरक न करता दोन्हींना एकच करडा रंग फासला, तर ज्यांनी यांपैकी काही भोगले आहे त्यांना ते पहिल्या पाच मिनिटांत कळते.

दुसरा मोह शोकाच्या पाच पायऱ्यांचा. नकार, राग, तडजोड, नैराश्य, स्वीकार अशी पाच नावे आयती मिळतात आणि त्यांचे पाच टप्पे करणे सोपे वाटते. ही मांडणी मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये केली, ती मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ती नंतर लावली गेली, आणि त्यांचे दुःख त्या क्रमाने चालतेच असे नाही. गेममध्ये तर हा क्रम आणखी घातक ठरतो, कारण टप्पा ओलांडला की तो संपला, ही खेळणाऱ्याची जुनी सवय आहे. मला मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार कितीतरी अधिक उपयोगी पडला. त्यांच्या मते शोकात असलेला माणूस दोन टोकांमध्ये झुलत राहतो: एकीकडे गेलेल्याची आठवण, दुसरीकडे बिले, साफसफाई, नव्या जबाबदाऱ्या; आणि हे झुलणे हाच सावरण्याचा भाग असतो. गेमच्या रचनेला याहून चांगला सांगाडा मिळणे कठीण आहे. खेळणाऱ्याला काम द्यावे, आणि कामाच्या वाटेवर आठवण ठेवावी.

माझ्या गेममधला एकच खण उदाहरणादाखल सांगतो. पहिल्या आवृत्तीत कपाटाच्या वरच्या खणाभोवती पिवळी कड चमकत असे. बटण दाबले की खण उघडे, आत चष्म्याचे घर दिसे आणि खाली ओळ उमटे: ‘बाबांचा चष्मा. किती आठवणी आहेत यात.’ चाचणीला बसलेले सगळे ती ओळ वाचून लगेच पुढे जात. मग मी चमकणारी कड काढली आणि ओळही काढली. आता खेळणारा त्या खणात विजेचे बिल शोधायला जातो. चष्म्याचे घर बिलावरच ठेवलेले असते, ते माउसने धरून बाजूला करावे लागते, आणि घाईने ओढले तर झाकण उघडते. आत चौघडी घातलेले पुसायचे फडके असते. खणात दुसरीकडे जागा नाही. बिल हाती येते, पण चष्म्याचे घर अजून धरलेलेच असते आणि ते कुठे ठेवावे हे गेम सांगत नाही. शेवटी बहुतेक जण ते पुन्हा खणातच ठेवतात. काही जण त्याआधी बराच वेळ बटण सोडत नाहीत. त्या प्रसंगात आज एकही शब्द नाही, आणि संपूर्ण गेममध्ये खेळणाऱ्यांच्या लक्षात राहतो तो हाच खण.

कृतीतून अर्थ कसा उभा राहतो याचे काही नमुने नीट खेळून पाहण्यासारखे आहेत. २०१३ सालच्या ‘डिप्रेशन क्वेस्ट’ या शब्दप्रधान गेममध्ये ‘उठून मित्रांना भेट’ यांसारखे शहाणपणाचे पर्याय पडद्यावर दिसतात, पण त्यांवर काट मारलेली असते आणि ते निवडता येत नाहीत. काय करायला हवे ते कळते, पण करवत नाही, ही अवस्था एका आडव्या रेघेने सांगितली आहे. त्याच वर्षीच्या ‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’मध्ये कंट्रोलरची एक बाजू थोरल्या भावाची आणि दुसरी धाकट्याची असते. (तो खेळायचा असल्यास पुढची दोन वाक्ये सोडून द्यावीत.) थोरला मरतो तेव्हा खेळणाऱ्याचा एक हात रिकामा होतो. पुढे पाण्याला भिणाऱ्या धाकट्याला एकट्याने पोहून जायचे असते, तेव्हा तो हलतो ते थोरल्याच्या बाजूचे बटण दाबल्यावरच. जेसन रोहरर यांचा २००७ मधला ‘पॅसेज’ तर पाच मिनिटांचा आहे आणि त्यात संवाद नाहीत, तरीही एक संपूर्ण आयुष्य सरल्याची जाणीव तो देतो.

नैराश्याची कृती रचताना एक तांत्रिक चूक वारंवार होते. थकवा दाखवण्यासाठी बटण दाबल्यानंतर हालचाल उशिरा सुरू केली जाते, आणि खेळणाऱ्याला वाटते की गेम अडकला. हालचाल तत्काळ सुरू व्हावी. ती पूर्ण व्हायला मात्र वेळ लागावा. अंथरुणातून उठायचे असेल तर बटण दाबताच पांघरूण थोडे सरकावे, हात पुढे यावा, आणि बटण सोडले तर सगळे सावकाश पूर्ववत व्हावे. पहिल्या दिवशी दोन सेकंद, चौथ्या दिवशी आठ. त्याहून अधिक ताणू नये. कंटाळा हे या आजाराचे लक्षण असू शकते, पण कंटाळलेला खेळाडू त्या आजाराविषयी काहीच न समजता गेम बंद करतो. शिवाय ज्यांची बोटे दुखतात किंवा ज्यांना बटण धरून ठेवणे जमत नाही, त्यांच्यासाठी एकदाच दाबण्याची सोय सेटिंगमध्ये द्यावी.

गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर निवडण्यावर फार वेळ घालवू नये. केवळ मजकुराचा गेम असेल तर ट्वाइन, चित्रे आणि संवाद असतील तर रेन्पाय, घरात फिरायचे असेल तर गोडो. तिन्ही मोफत आहेत.

लांबी एका बैठकीची असावी. वीस ते चाळीस मिनिटे मला योग्य वाटतात. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालेला असेल तर परत करता येतो, त्यामुळे छोटा गेम पूर्ण खेळूनही परत येऊ शकतो. ही भीती खरी आहे. पण तिच्यापायी कोडी आणि लांब रस्ते भरून गेम ताणला, तर जे सांगायचे होते तेच विरते.

ध्वनीकडे चित्रांपेक्षा अधिक लक्ष द्यावे. संगीताने काय वाटावे ते आधीच सांगून टाकले की खेळणाऱ्याला काही शोधायला उरत नाही. फ्रिजची घरघर, घड्याळाची टिकटिक, शेजारच्या घरातले अस्पष्ट बोलणे एवढ्यावर माझा गेम जवळजवळ पूर्ण उभा आहे. आणि एका क्षणी फ्रिज बंद पडतो, तेव्हा तो आवाज इतका वेळ चालू होता हे प्रथमच जाणवते. रंगांच्या बाबतीत एवढेच सांगतो की करड्या जगात हळूहळू रंग परतण्याची कल्पना २०१८ च्या ‘ग्रिस’ या गेमने फार देखणेपणाने वापरली आहे, आणि तिची नक्कल लगेच ओळखू येते.

आता जबाबदारीची बाजू. गेम सुरू होण्याआधी त्यात मृत्यू, नैराश्य, आत्महत्येचा उल्लेख यांपैकी काय आहे ते साध्या वाक्यात लिहावे. कथेचा धक्का कमी होईल म्हणून ते लपवू नये. आत्महत्येचा संदर्भ असल्यास पद्धत, साधन किंवा जागा यांचे वर्णन टाळावे आणि ती सुटका म्हणून रंगवू नये. गेम कोणत्याही क्षणी थांबवता यावा आणि तिथूनच पुढे सुरू व्हावा. मदतीचे क्रमांक देशोदेशी वेगळे असतात, तेव्हा ते तपासून मेनूमध्येच ठेवावेत, कारण ज्याला गरज आहे तो शेवटपर्यंत पोहोचेलच असे नाही. स्वतःचा अनुभव असला तरी तो एकट्याचाच असतो, म्हणून जाणकारांना आणि भोगलेल्यांना लवकर विचारावे. ‘हेलब्लेड’ या २०१७ च्या गेमच्या निर्मात्यांनी मनोविकृतीचे चित्रण करताना केंब्रिजचे प्राध्यापक पॉल फ्लेचर यांचा सल्ला घेतला आणि तो त्रास अनुभवलेल्या लोकांशीही ते सतत बोलत राहिले. चाचणीला बसणाऱ्याला विषय आधी सांगावा, त्याच्या खांद्यामागे उभे राहू नये, आणि तो मध्येच उठला तर कारण विचारू नये.

शेवट लिहिताना बरे होणे हे बक्षीस म्हणून देऊ नये. खेळणाऱ्याने सगळे नीट केले म्हणून नायिका सावरली, असे दाखवले की जे सावरले नाहीत त्यांनी काहीतरी चुकीचे केले असा अर्थ निघतो. माझ्या गेममध्ये अखेरीस बिल भरले जाते आणि खण बंद होतो, इतकेच. आणि श्रेयनामावली संपल्यावर खेळणाऱ्याला थेट ‘नवा गेम’ या बटणासमोर आणून सोडू नये. मी तिथे खोली तशीच ठेवली आहे, फ्रिज पुन्हा चालू झालेला आहे, आणि खेळणारा स्वतः बाहेर पडेपर्यंत पडद्यावर काहीही विचारले जात नाही.